फाईल आलीये, पण उघडतच नाही! वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या खेपेला पत्रांत आणि मेलवर एकच रडगाणं जास्त होतं, फाईल मिळाली पण उघडत नाही. म्हणून म्हटलं हा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकू. एक गोष्ट आधीच सांगतो, फाईल उघडली नाही की लगेच प्ले स्टोअरवर जाऊन 'पीडीएफ ओपनर' छापाची चार ॲपं टाकत बसू नका, त्यातली बरीचशी नुसती जाहिरातींनी भरलेली असतात आणि बहुतेक वेळा दुखणं ॲपमध्ये नसतंच, फाईलमध्ये असतं. फाईल केवढी आहे आणि नाव काहीही असलं तरी ती खरी कसली आहे, एवढं आधी बघायचं. कसं बघायचं ते खाली येतंच.

प्रश्न : मुलीच्या ॲडमिशनचं अलॉटमेंट लेटर पोर्टलवरून डाऊनलोड केलं. मोबाईलवर उघडेना म्हणून नेट कॅफेत गेलो, तिथेही 'फाईल डॅमेज आहे, रिपेअर करता येत नाही' असंच येतंय. परत परत डाऊनलोड केलं तरी तेच. फाईल ११ केबीची आहे. कॅफेवाला म्हणतो ॲक्रोबॅटचं नवीन व्हर्जन विकत घ्यावं लागेल. खरंय का? (एक पालक, बार्शी)

उत्तर : अजिबात नाही. ॲक्रोबॅट रीडर फुकट मिळतो, नुसतं वाचायला एक रुपया लागत नाही, त्यामुळे कॅफेवाल्याला नमस्कार करा आणि त्याच कॉम्प्युटरवर एवढं करून बघा. फाईलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', आणि त्यात नोटपॅड निवडा. घाबरू नका, बराच कचरा दिसेल, पण आपल्याला फक्त पहिली ओळ बघायचीये. खरी पीडीएफ असेल तर सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह आणि त्याला लागून कॅपिटलमध्ये पीडीएफ ही तीन इंग्रजी अक्षरं दिसतात, पुढे १.४ किंवा १.७ असा व्हर्जनचा आकडा. ते न दिसता जर कोनाच्या कंसात 'डॉकटाइप एचटीएमएल' असं काही दिसलं, तर समजा की ती पीडीएफ नाहीच, ते वेबसाइटचं एक पान आहे ज्याला पीडीएफचं नाव चिकटलंय. लोगो, क्यूआर कोड वगैरे असलेल्या लेटरला ११ केबी कमीच वाटतात, म्हणून माझा संशय यावरच आहे.

हे होतं कसं, तर तुम्ही लॉगिन करता, मग कागदपत्रं शोधण्यात, ओटीपीत, चहात वेळ जातो आणि तेवढ्यात तुमचं सेशन, म्हणजे त्या लॉगिनची मुदत, संपतं. तुम्ही डाऊनलोडचं बटण दाबता, सर्व्हर लेटर न देता 'पुन्हा लॉगिन करा'चं पान पाठवतो आणि ब्राउझर बिचारा तेच पान लेटरच्या नावाने सेव्ह करून मोकळा होतो. खात्री करायची असेल तर फाईलच्या नावातलं शेवटचं पीडीएफ काढून तिथे एचटीएमएल टाका (नावात ते दिसतच नसेल तर कसं दाखवायचं ते खाली लग्नपत्रिकेच्या उत्तरात आहे) आणि ब्राउझरमध्ये उघडा, लॉगिनचं पान समोर हजर होईल. उपाय साधा आहे, पूर्ण लॉगआऊट करा, नव्याने लॉगिन करा आणि इकडेतिकडे न बघता पहिल्यांदा डाऊनलोड करा. लेटर नव्या खिडकीत उघडत असेल तर पॉप-अपला परवानगी द्यावी लागते, नाहीतर परत तोच घोळ.

आता समजा पहिली ओळ बरोबर निघाली, तर नोटपॅडमध्ये अगदी तळाला जा. तिथे टक्क्याची दोन चिन्हं आणि ई ओ एफ ही अक्षरं पाहिजेत, म्हणजे फाईल इथे संपली. ती नसतील तर डाऊनलोड अर्धवट तुटलंय. लोक म्हणतात की अहो ९५ टक्के उतरलं होतं, मग ९५ टक्के तरी दिसायला पाहिजे ना, तर तसं नसतं. अनुक्रमणिका शेवटच्या पानावर छापलेल्या पुस्तकासारखी पीडीएफची रचना असते. कुठलं पान, कुठला फाँट, कुठलं चित्र फाईलमध्ये नेमकं कितव्या जागी आहे याची यादी शेवटी असते आणि रीडर आधी ती वाचायला शेवटाकडे जातो. शेवटच गायब असेल तर सगळा माल असूनही त्याला काही सापडत नाही. काही प्रोग्राम ती यादी स्वतःच बांधायचा प्रयत्न करतात, म्हणून एकाच फाईलला ॲक्रोबॅट नाही म्हणतो आणि क्रोम उघडून दाखवतो असंही होतं, तेव्हा फाईल ओढून क्रोमच्या खिडकीत टाकून बघायला हरकत नाही. आणि हो, नावाच्या शेवटी 'सीआरडाऊनलोड' असेल तर ते क्रोमचं अर्धवट डाऊनलोड, त्याचं नाव बदलून काही होत नाही, परतच उतरवावं लागतं.

प्रश्न : ई-आधार डाऊनलोड केलं, पासवर्ड मागतंय. ओटीपी टाकला, मोबाईल नंबर टाकला, काहीच चालत नाही. (एक गृहिणी, इचलकरंजी)

उत्तर : ताई, ओटीपी फक्त डाऊनलोडपुरता होता. पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्याला लागून जन्माचं साल, मध्ये जागा नाही. नाव तीनच अक्षरांचं असेल तर पुढच्या शब्दातलं पहिलं अक्षर घ्यायचं, म्हणजे साई कुमारचं एस, ए, आय आणि मग के. नावात टिंब असेल तर टिंबही धरायचं. आणि नाव आधारवर जसं छापलंय तसंच, लग्नानंतरचं नाव सगळे वापरत असले तरी आधारवर माहेरचं असेल तर माहेरचंच.

एक गोची कोणी सांगत नाही. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असेल तर आकडे देवनागरीत पडू शकतात आणि पासवर्डमध्ये आपल्याला फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे कळतच नाही. कीबोर्ड इंग्रजीवर न्या आणि मग टाईप करा. ई-पॅनचा पासवर्ड वेगळा असतो, तिथे जन्मतारीख, आधी दिवस मग महिना मग साल, आठ आकडे सलग.

उघडल्यावर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर आधार खोटं आहे असं नाही. तुमच्या कॉम्प्युटरवरचा रीडर त्या सही करणाऱ्याला अजून ओळखत नाही, एवढंच. ॲक्रोबॅट रीडरमध्ये सहीवर राइट क्लिक करून व्हॅलिडेट करा, मग सिग्नेचर प्रॉपर्टीजमध्ये सर्टिफिकेट उघडून ट्रस्टच्या टॅबमधून ते विश्वासाच्या यादीत टाका, परत व्हॅलिडेट करा, हिरवी खूण येते. मोबाईलवर यात वेळ घालवू नका.

प्रश्न : आमच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका २००३ साली निघाली. मध्ये हीरकमहोत्सवही झाला, आता पुढची स्मरणिका काढायचीये, म्हणून जुन्या सीडीवरच्या फाईली काढल्या. वर्डच्या फाईली उघडतात पण आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, मराठी एक शब्द नाही. बाकीच्या फाईली पेजमेकरच्या आहेत, त्या तर उघडतच नाहीत. फाईलींना व्हायरस लागलाय का? (एक निवृत्त मुख्याध्यापक, संगमेश्वर)

उत्तर : सर, व्हायरस नाही. फाईली बहुधा ठणठणीत आहेत, त्या काळी महाराष्ट्रातल्या निम्म्याअधिक डीटीपीवाल्यांचं काम असंच चालायचं.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणारी हल्लीची पद्धत, घरोघरी पोचायच्या आधी श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव असल्या प्रकारांत मराठी टाईप व्हायचं. त्यात युक्ती अशी होती की फाईलमध्ये साठायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच, फक्त फाँटमध्ये त्या अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. तो फाँट कॉम्प्युटरवर असेल तोवर झकास मराठी दिसतं, फाँट गेला की मुखवटा उतरतो आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. वर्डमध्ये त्या कचऱ्यावर कुठेही क्लिक करा आणि वर फाँटच्या डब्यात काय नाव येतंय ते कागदावर लिहून घ्या, श्री-देव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश असं काहीतरी असेल. हे नाव सगळ्यात महत्त्वाचं. तो फाँट मिळाला आणि कॉम्प्युटरवर टाकला की बहुतेक वेळा मजकूर जागच्या जागी मराठी होतो.

पण नुसतं वाचायचं नसेल, पुन्हा छापायचं असेल, तर सगळं युनिकोडमध्ये आणलेलं बरं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, फक्त कन्व्हर्टर त्याच फाँटचा पाहिजे, कारण कुठल्या चिन्हाखाली कुठलं अक्षर लपलंय हे प्रत्येक घराण्याचं वेगळं. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तर एका कचऱ्याचा दुसरा कचरा होतो. आणि बरोबर कन्व्हर्टर मिळाला तरी मुद्रितशोधन करावंच लागेल. ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाईप व्हायची, जशी दिसते तशी, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते, त्यामुळे कन्व्हर्टरला ती उचलून पलीकडे ठेवावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो हमखास गडबडतो. 'स्थिती', 'व्यक्तिमत्त्व' असले शब्द डोळ्यात तेल घालून बघा. तीच गत रफाराची. 'ऱ्या' तर बऱ्याच कन्व्हर्टरना जमतच नाही, 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात' सगळीकडे शोधून दुरुस्त करावं लागतं. मराठीचा तास घेतलेल्या माणसाला हे काम त्रासाचं वाटणार नाही, उलट एखादा माजी विद्यार्थी करायला लावा आणि तुम्ही तपासा.

आता पेजमेकर, म्हणजे छपाईची पानं मांडायचा जुना प्रोग्राम. त्याचं ७.० हे शेवटचं मोठं व्हर्जन २००१ चं, नंतर ॲडोबी कंपनीने सगळा जोर इनडिझाईन या मांडणीच्याच दुसऱ्या प्रोग्रामवर दिला. इनडिझाईनच्या सीएस६ पर्यंत पेजमेकरच्या ६ आणि ७ च्या फाईली उघडता यायच्या, हल्लीच्या सीसी व्हर्जनमध्ये नाही. म्हणून नव्या डीटीपीवाल्याकडे गेलात तर तो हात वर करेल, त्याची चूक नाही. दोन रस्ते आहेत. एक, लिब्रे ऑफिस हे फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यातला ड्रॉ हा प्रोग्राम पेजमेकरच्या फाईली ओढून घेतो, मांडणीचं भजं होतं, पण मजकूर हाती लागू शकतो. दुसरा रस्ता मला जास्त पटतो, तालुक्याच्या गावी एखादा जुना प्रेसवाला गाठा. अजून कित्येकांच्या कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा डबा, त्यात पेजमेकर आणि फाँटची सगळी पेटी शाबूत असते, लग्नपत्रिका आणि बिलबुकं अजूनही त्यावरच निघतात. त्याच्याकडून फाईली उघडून पीडीएफ करून घ्या. आणि कुठल्याही रस्त्याने जा, आधी सीडीवरचं सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, वीस वर्षांच्या सीडीचा भरवसा धरू नका.

प्रश्न : मुलगा टोरांटोला असतो. आम्हा दोघांच्या व्हिजिटर व्हिसासाठी त्याने फॉर्म पाठवला. उघडला की एकच पान येतं, त्यावर इंग्रजीत 'प्लीज वेट' आणि खाली काहीतरी लांबलचक. मी अर्धा तास वेट केलं! (एक वाचक, नाशिक)

उत्तर : काका, दिवसभर थांबलात तरी ते पान हलणार नाही. त्या लांबलचक मजकुराचा अर्थ एवढाच की तुमचा रीडर हा प्रकार दाखवू शकत नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचे आयएमएम ५२५७ सारखे फॉर्म एक्सएफए नावाच्या पद्धतीने बनवलेत. वरून पीडीएफ, आत वेगळंच यंत्र, जे तुमची उत्तरं बघून रकाने उघडतं-मिटतं. ते 'प्लीज वेट'चं पान म्हणजे नुसतं झाकण. पीडीएफच्या २०१७ सालच्या नव्या मानकात ही पद्धत मोडीत काढलीये, मोबाईलच्या ॲपांनी तर ती कधी धड घेतलीच नाही.

करायचं एवढंच, कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप घ्या, फोन किंवा टॅब नको. ॲडोबीच्या साइटवरून ॲक्रोबॅट रीडर टाका. फॉर्म आधी डेस्कटॉपवर सेव्ह करा, मग रीडर उघडून त्यातून फाईल-ओपन करा, कारण नुसतं डबल क्लिक केलं तर विंडोज बहुधा ती एज ब्राउझरमध्ये उघडेल आणि परत वेटच वेट. भरून झालं की फॉर्ममधलं व्हॅलिडेटचं बटण दाबा, काही राहिलं असेल तर तिथेच कळतं आणि सगळं बरोबर असेल तर शेवटी बारकोडचं पान तयार होतं. फॉर्म अपलोड करायचा असेल तर हीच सेव्ह केलेली फाईल द्यायची. काही जण दुसऱ्या कागदांबरोबर जोडायला म्हणून ब्राउझरमधून 'प्रिंट टू पीडीएफ' करतात आणि पलीकडच्या साहेबाला 'प्लीज वेट' एवढंच पाठवतात. तसं करू नका.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिकेची फाईल आली. दाबली की 'अननोन ॲप्सना परवानगी द्या' असं काही येतं, पत्रिका दिसत नाही. कुठलं ॲप टाकू? (एक वाचक, परभणी)

उत्तर : कुठलंही टाकू नका आणि ती परवानगी तर मुळीच देऊ नका! नावाच्या शेवटी एपीके आहे ना बघा. एपीके म्हणजे डॉक्युमेंट नाही, ते अँड्रॉइडचं ॲपच असतं. पत्रिका, ई-चलान, बँकेची केवायसी अशा नावांनी हा धंदा चालतो, ॲप आत बसलं की तुमचे एसएमएस वाचतं, त्यात ओटीपी आले, पुढचं सांगायला नको. ओळखीचा नंबर म्हणून विसंबू नका, त्या माणसाचा फोन आधीच गेलेला असतो आणि तो बिचारा सगळ्या नातेवाइकांना पत्रिका वाटत सुटलेला असतो, त्याला फोन करून सांगा. चुकून इन्स्टॉल झालंच असेल तर आधी फोनचं नेट बंद, ॲप काढून टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा.

कॉम्प्युटरवर याचाच भाऊ असतो, पत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई. विंडोज मुळात शेवटचं एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरं, लपवतं, म्हणून आपल्याला नुसतं डॉट पीडीएफ दिसतं. एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवा, हे सगळ्यांनीच करा.

प्रश्न : इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवलेलं जुनं मराठी पुस्तक एका मित्राने पाठवलं, फाईलच्या शेवटी 'डीजेव्हीयू' आहे. आणि दुसरं, एक ई-बुक विकत घेतलं तर २ केबीची 'एसीएसएम' फाईल हातात दिली, फसवलं का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पहिली फाईल देजाव्हू प्रकारातली, स्कॅन केलेली पुस्तकं लहान आकारात बसवायला ही पद्धत चालायची. विंडोजवर सुमात्रा पीडीएफ टाका, फुकट आहे, हलकं आहे, देजाव्हू, ईपब, सीएचएम सगळं गिळतं. अर्काइव्हवर त्याच पुस्तकाची पीडीएफही असते बहुतेक, तीच घेतली तरी चालेल.

दुसऱ्यात फसवलं नाही. एसीएसएम हे पुस्तक नाही, पुस्तक घ्यायची चिठ्ठी आहे. ॲडोबी डिजिटल एडिशन्स टाकून ॲडोबीचं खातं जोडा आणि ही फाईल त्यात उघडा, मग खरं पुस्तक उतरतं. किंडलवर मात्र ते वाचता येणार नाही, विकत घेण्याआधी हे बघत चला.

प्रश्न : पीएचडीच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण पेन ड्राइव्हवर होतं. सेव्ह करून लगेच ड्राइव्ह ओढला. आता वर्ड म्हणतं फाईल करप्ट आहे. शेजारी त्याच नावाची, सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली दुसरी फाईल दिसतेय, तीही उघडत नाही. ऑनलाइन रिपेअर करणाऱ्या साइटवर टाकू का? (एक संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : ती डॉलरवाली फाईल विसरा. तिचा आकार बघा, १६२ बाइट्स वगैरे असेल, 'ही फाईल सध्या अमक्याने उघडलीये' एवढी नोंद वर्ड त्यात ठेवतं आणि बंद करताना पुसतं. तुम्ही ड्राइव्ह ओढलात म्हणून ती मागे राहिली, तिच्यात प्रबंधाचं एक अक्षर नाही.

पहिली गोष्ट, त्या पेन ड्राइव्हवर आता काहीही नवीन टाकू नका. मूळ फाईलची कॉपी लॅपटॉपवर घ्या आणि प्रयोग कॉपीवरच करा. वर्डमध्ये फाईल-ओपन-ब्राउज, फाईल एकदाच क्लिक करून निवडा आणि ओपन बटणाला लागून जो छोटा बाण असतो त्यात 'ओपन अँड रिपेअर' आहे. नाही जमलं तर लिब्रे ऑफिसमध्ये उघडून बघा, तो कधीकधी वर्डपेक्षा समजूतदार निघतो. तेही नाही तर कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला पी आणि के ही दोन अक्षरं दिसली तर आशा आहे, कारण २००७ पासूनची डॉकएक्स फाईल म्हणजे खरं तर एक झिप असते. नावाच्या शेवटचं डॉकएक्स काढून झिप करा, सेव्हन-झिपने उघडा, आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाईल असेल, तुमचा सगळा मजकूर त्यात आहे, खुणांच्या गर्दीत का असेना. मीडियाच्या फोल्डरमध्ये चित्रं आणि नकाशे सापडतील.

पण नोटपॅडमध्ये नुसतं कोरं, मोकळ्या जागाच जागा दिसल्या तर त्या फाईलवर वेळ घालवू नका. जागा राखली गेली होती, मजकूर लिहिला जायच्या आधीच ड्राइव्ह निघाला. मग शोध दुसरीकडे घ्यायचा. वर्डच्या फाईल-इन्फो-मॅनेज डॉक्युमेंटमध्ये 'रिकव्हर अनसेव्हड' बघा. ज्या कॉम्प्युटरवर काम केलंत त्यावर शेवटी एएसडी असलेल्या फाईली, म्हणजे वर्डने आपणहून ठेवलेल्या प्रती, सर्च करा. रेक्युवा किंवा फोटोरेकसारख्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवरच्या पुसलेल्या फाईली काढून बघा, वर्ड सेव्ह करताना तात्पुरत्या फाईली बनवतं, एखादी जिवंत सापडू शकते, फक्त काढलेलं लॅपटॉपवर ठेवायचं, ड्राइव्हवर नाही.

ऑनलाइन साइटवर मात्र नको. न छापलेलं संशोधन कुठल्या अनोळखी सर्व्हरवर जाऊन बसेल सांगता येत नाही, आणि फाईल कोरीच असेल तर तेही काही काढू शकत नाहीत, पहिलं पान दाखवून पैसे मागतात एवढंच. त्यापेक्षा गाईडांना पाठवलेल्या मेलच्या सेंट फोल्डरमध्ये बघा, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच कधी पाठवलंय का बघा आणि प्रकरण बाहेर टाईप करून घेतलं असेल तर उद्या सकाळी दुकान उघडताच त्या टायपिंगवाल्याकडे जा, ही मंडळी फाईली पुसत नाहीत.